बेसबॉलच्या पिचरांची राशीवार मांडणी कशी करावी

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ज्यांच्या नावावर ३०० किंवा त्याहून जास्त विजय आहेत असे पिचर आजवर फक्त २४ झाले. त्यांच्या जन्मतारखा बारा राशींत वाटल्या की मेषेच्या वाट्याला पाच जण येतात. मिथुन आणि तूळ रिकाम्याच राहतात. मेषेत काहीतरी असणार, असं चटकन वाटून जातं. खरंच तसं आहे का, हे फुकट मिळणाऱ्या आकड्यांवर घरबसल्या तपासता येतं, आणि तपासता तपासता दीडशे वर्षांचं बेसबॉल ओळखीचं होतं. ज्योतिषावर विश्वास असणाऱ्यांनी हे करावं, नसणाऱ्यांनीही करावं. पायऱ्या दोघांना सारख्याच आहेत.

फक्त क्रिकेट पाहिलेल्यांसाठी दोन शब्द. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. तो मैदानातल्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून सुमारे साडेअठरा मीटरवरच्या फलंदाजाकडे चेंडू टाकतो, आणि चेंडू टप्पा न पडता जातो. सामना जिंकला की नियमानुसार एका पिचरच्या नावावर विजय लागतो. दुसरा महत्त्वाचा आकडा ईआरए: नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यात पडलेल्या धावा. इथे इनिंग म्हणजे तीन फलंदाज बाद होईपर्यंतची पाळी. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा त्यात धरत नाहीत. ईआरए जितका कमी, तितका पिचर चांगला.

पहिली पायरी: कोणती रास, ते आधी ठरवा

आपल्याकडे "तुझी रास कोणती?" असं विचारलं की उत्तर चंद्रराशीचं असतं. अमेरिकेत हाच प्रश्न विचारला तर उत्तर सूर्यराशीचं येतं, तेही सायन पद्धतीने, म्हणजे सूर्य वसंतसंपातावर आला की मेष सुरू. पिचरांच्या मांडणीत नवखा माणूस पहिल्यांदा इथेच अडखळतो.

चंद्रराशीचा विचार बाजूला ठेवा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो. ज्या दिवशी तो बदलतो त्या दिवशी जन्मलेल्या माणसाची जन्मवेळ आणि जन्मगाव माहीत नसेल तर रास सांगताच येत नाही. खेळाडूंच्या जन्मतारखा सर्वत्र मिळतात, जन्मवेळा मिळत नाहीत. वेळ अंदाजे धरून केलेल्या मांडणीवर पुढे कितीही हिशोब केला तरी तो अंदाजच राहतो.

उरली सूर्यरास. तिच्यात दोन मार्ग आहेत. सायन पद्धतीचे दिवस साधारण असे: मेष २१ मार्च ते १९ एप्रिल, वृषभ २० मेपर्यंत, मिथुन २० जूनपर्यंत, कर्क २२ जुलैपर्यंत, सिंह २२ ऑगस्टपर्यंत, कन्या २२ सप्टेंबरपर्यंत, तूळ २२ ऑक्टोबरपर्यंत, वृश्चिक २१ नोव्हेंबरपर्यंत, धनू २१ डिसेंबरपर्यंत, मकर १९ जानेवारीपर्यंत, कुंभ १८ फेब्रुवारीपर्यंत आणि मीन २० मार्चपर्यंत. निरयन पद्धतीत, म्हणजे ज्या हिशोबाने आपण १४ जानेवारीच्या सुमारास मकरसंक्रांत करतो त्या पद्धतीत, सूर्याचं स्थान आज सुमारे २४ अंश मागे सरकतं, म्हणून राशींच्या तारखा तितक्याच पुढे जातात. या फरकाला अयनांश म्हणतात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५० च्या दशकात जो अयनांश सुचवला, तो बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये लाहिरी या नावाने सापडतो. टिळक पंचांगाचा अयनांश वेगळा आहे, त्यामुळे ते मानणाऱ्यांनी आपला आकडा वापरावा. अयनांश दर वर्षी थोडा वाढतो, हेही ध्यानात असू द्या: १८६७ मध्ये जन्मलेल्या साय यंगसाठी तो २२ अंशांच्या आसपास होता. आजचाच आकडा सगळ्यांना लावला तर राशींच्या सीमेजवळचे जुने खेळाडू चुकीच्या राशीत जातील.

सायन घ्या किंवा निरयन घ्या, निवड कागदावर लिहून ठेवा आणि मगच नावं बघा. निकाल आवडला नाही म्हणून मधेच पद्धत बदलायची नाही.

दुसरी पायरी: कोणते पिचर, तेही आधीच

आठवतील तशी नावं घ्यायला सुरुवात केली की काय होतं, ते वृश्चिकेवर करून पाहा. वॉल्टर जॉन्सन (६ नोव्हेंबर १८८७), बॉब फेलर (३ नोव्हेंबर १९१८), बॉब गिब्सन (९ नोव्हेंबर १९३५), टॉम सीव्हर (१७ नोव्हेंबर १९४४), पेड्रो मार्टिनेझ (२५ ऑक्टोबर १९७१), आणि आजचा टारिक स्कुबल (२० नोव्हेंबर १९९६). जॉन्सनचे ४१७ विजय, गिब्सनचा १९६८ मधला १.१२ ईआरए. ही यादी पाहिल्यावर वृश्चिक ही पिचरांचीच रास आहे, याबद्दल कुणाच्या मनात शंका उरणार नाही. पण याच पद्धतीने तुळेचीही यादी होते: जिम पामर, वॉन मारिशाल, व्हायटी फोर्ड, रॉबिन रॉबर्ट्स. चौघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या सन्मानयादीत आहेत, आणि ३०० विजयांच्या मोजणीत हीच तूळ रिकामी होती! कुठल्याही राशीसाठी अशी झळाळती यादी करता येते, कारण दीडशे वर्षांत मोठे पिचर भरपूर झाले.

म्हणून निकष असा हवा की त्यात तुमची आवड शिरायला जागाच राहू नये. "किमान १००० इनिंग टाकलेले सर्व पिचर" हा चांगला निकष आहे. "१९५० नंतर जन्मलेले आणि किमान ५०० इनिंग टाकलेले" हाही चालेल. पहिल्या सरावाला मात्र ३०० विजयांचीच यादी घ्या. ती छोटी आहे, तिच्याबद्दल वाद नाही आणि ती हाताने करता येते.

फक्त मेजर लीगचे पिचर घ्यायचे, की तिच्याखालच्या पायरीवरच्या मायनर लीगचेही, हेसुद्धा इथेच ठरवा. मायनर लीग धरली तर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भारतीय पिचरही यादीत येतात. आपल्या वाचकाला त्याचं अप्रूप वाटणं साहजिक आहे. पण मायनर लीगच्या जुन्या नोंदी विस्कळीत आहेत, म्हणून नवख्याने मेजर लीगवरच थांबावं.

तिसरी पायरी: तारखा मिळवा आणि तपासा

एकेका खेळाडूसाठी बेसबॉल रेफरन्स हे संकेतस्थळ पुरेसं आहे. शेकडो पिचर घ्यायचे असतील तर शॉन लाहमन यांनी सुरू केलेला डेटाबेस उतरवून घ्या, तो फुकट मिळतो. त्यातल्या खेळाडूंच्या तक्त्यात जन्माचं वर्ष, महिना आणि दिवस असे तीन वेगळे रकाने आहेत. पिचिंगच्या तक्त्यात विजय, धावा, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक देऊन बाद केलेले फलंदाज) वगैरे हंगामवार दिलेलं आहे. दोन्ही तक्ते खेळाडूच्या सांकेतिक नावाने जोडायचे. इनिंग तिथे बाद केलेल्या फलंदाजांच्या संख्येत लिहिलेल्या असतात. एका इनिंगमध्ये तीन बाद, म्हणून १००० इनिंगचा निकष लावायचा तर ३००० बाद पाहा. हे लक्षात न घेता गाळणी लावली तर जेमतेम दोन हंगाम टिकलेले कितीतरी पिचर यादीत घुसतात.

सगळ्या तारखा बिनचूक असतात असं समजू नका. सॅचेल पेजची जन्मतारीख ७ जुलै १९०६ अशी नोंदलेली आहे, पण त्याच्या हयातीतही तिच्याविषयी उलटसुलट बोललं जायचं. क्लीव्हलंडसाठी खेळणारा फाउस्टो कार्मोना याचं प्रकरण तर प्रत्येक नवख्याने वाचावं असं आहे. त्याची तारीख ७ डिसेंबर १९८३ समजली जात होती, म्हणजे रास धनू. २०१२ च्या सुरुवातीला उघड झालं की त्याचं खरं नाव रोबेर्तो हर्नांडेझ असून जन्म ३० ऑगस्ट १९८० चा आहे. एका दिवसात तो वयाने तीन वर्षांनी वाढला आणि धनूतून कन्येत गेला. अशा नोंदींसाठी एक वेगळा रकाना ठेवा आणि त्यात "शंकास्पद" असं लिहा. त्या पिचरांना काढून टाकायचं की नवी तारीख लावायची, याचा नियम सर्वांना एकच असावा.

चौथी पायरी: सीमेवरचे

राशी मध्यरात्री बदलत नाहीत. सूर्य ठरावीक क्षणी पुढच्या राशीत जातो, आणि तो क्षण दर वर्षी काही तासांनी सरकतो. म्हणून वर्तमानपत्रातल्या कोष्टकांत एका दिवसाचा फरक दिसतो.

स्टीव्ह कार्लटन २२ डिसेंबर १९४४ रोजी मायामीत जन्मला. काही कोष्टकं त्याला धनूत टाकतात. त्या वर्षी सूर्य मकरेत गेला तेव्हा मायामीत २१ तारखेची संध्याकाळ होती, म्हणून कार्लटन निःसंशय मकरेचा. कार्ल हबेलचं तसं नाही. १९३४ च्या ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे निवडक नामवंतांच्या सामन्यात, बेब रूथ, लू गेरिग, जिमी फॉक्स, अल सिमन्स आणि जो क्रोनिन या पाच जणांना ओळीने स्ट्राइकआउट करणारा हा डावखुरा २२ जून १९०३ रोजी मिसूरी राज्यात जन्मला. त्या दिवशी सूर्याने कर्केत प्रवेश केला तो तिथल्या सकाळी नऊच्या आसपास. पहाटे जन्मला असेल तर मिथुन, दुपारी जन्मला असेल तर कर्क. अशा माणसाला "अनिश्चित" या तेराव्या गटात ठेवणं हाच प्रामाणिक मार्ग. जपानी पिचरांच्या बाबतीत संक्रमणाची वेळ जपानच्या घड्याळात बदलून घ्यायला विसरू नका, ते आपल्यापेक्षाही साडेतीन तास पुढे आहेत.

पाचवी पायरी: वाटणी

आता ३०० विजयांचे २४ जण सायन पद्धतीने मांडू.

मेष: साय यंग, ग्रेग मॅडक्स, डॉन सटन, फिल नीक्रो, टॉम ग्लॅव्हिन
कन्या: किड निकोल्स, एडी प्लँक, गेलॉर्ड पेरी, रँडी जॉन्सन
मकर: पड गॅल्व्हिन, टिम कीफ, अर्ली विन, स्टीव्ह कार्लटन
कर्क: जॉन क्लार्कसन, मिकी वेल्च
सिंह: ख्रिस्टी मॅथ्यूसन, रॉजर क्लेमेन्स
वृश्चिक: वॉल्टर जॉन्सन, टॉम सीव्हर
मीन: ग्रोव्हर क्लीव्हलंड अलेक्झांडर, लेफ्टी ग्रोव्ह
वृषभ: वॉरन स्पान
धनू: ओल्ड हॉस रॅडबर्न
कुंभ: नोलन रायन
मिथुन, तूळ: कुणी नाही

हीच नावं निरयन पद्धतीने मांडली की चित्र पालटतं. यंग, सटन, नीक्रो आणि ग्लॅव्हिन मीनेत जातात; १४ एप्रिलला जन्मलेला मॅडक्स तेवढा मेषेत उरतो, तोही काठावर. कन्येचे प्लँक, पेरी आणि रँडी जॉन्सन सिंहेत येतात. मकरेचे चौघे एकगठ्ठा धनूत. १ आणि ४ जुलैचे क्लार्कसन व वेल्च रिकाम्या मिथुनेत येऊन बसतात, वॉल्टर जॉन्सन तुळेत. आणि आता वृषभ रिकामी पडते. कन्येत कुणी आहे की नाही, हे एकट्या किड निकोल्सवर अवलंबून आहे: तो १४ सप्टेंबर १८६९ चा, त्याच दिवशी निरयन सूर्य कन्येत गेला आणि त्याची जन्मवेळ आपल्याकडे नाही. माणसं तीच, विजय तेच. फक्त आकाशाची मोजपट्टी बदलली, आणि "नशीबवान" राशी वेगळ्या निघाल्या.

सहावी पायरी: मेषेचे पाच म्हणजे जास्त का?

माझ्या मते सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि नेमकी हीच गाळली जाते.

बारा चिठ्ठ्यांवर बारा राशी लिहा, डब्यात टाका. एक चिठ्ठी काढा, रास नोंदवा, चिठ्ठी परत टाका, डबा हलवा. असं २४ वेळा. झाली एक खोटी यादी, जिच्यात राशीचा खेळाशी काहीही संबंध नाही. अशा दहा-वीस याद्या करा. घरात मुलं असतील तर त्यांना हे काम मनापासून आवडतं. मग दोन गोष्टी मोजा: प्रत्येक यादीत किती राशी रिकाम्या राहिल्या, आणि सर्वांत भरलेल्या राशीत किती जण आले.

गणिताने उत्तर असं येतं. एखादी ठरावीक रास रिकामी राहण्याची शक्यता सुमारे साडेबारा टक्के. राशी बारा, म्हणून निव्वळ योगायोगाने सरासरी दीड रास रिकामी राहणारच. आपल्या यादीत दोन राहिल्या. कुठल्यातरी एका राशीत पाच किंवा जास्त जण येणं, हे तर दहापैकी चार वेळा घडतं. मेषेचं वैभव चिठ्ठ्यांच्या डब्यातूनही सहज निघतं.

संख्याशास्त्राची ओळख असेल तर काय-वर्ग कसोटी लावा. प्रत्येक राशीत अपेक्षित दोन जण धरले तर बेरीज १४ येते. पाच टक्क्यांच्या पातळीवर संशय घ्यायला ती १९.६८ च्या पुढे जायला हवी होती. मात्र या कसोटीसाठी प्रत्येक गटात किमान पाचांची अपेक्षा असावी असा संकेत आहे, म्हणजे निदान ६० पिचर हवेत. २४ जणांवर ती फक्त हात बसवण्यापुरती. मोठी यादी घ्याल तेव्हा बारा समान भागही धरू नका: वरच्या कोष्टकात कर्क ३२ दिवसांची आहे आणि मकर २९, कारण जुलैच्या आसपास पृथ्वी सूर्यापासून दूर असते आणि सूर्य राशींमधून सावकाश सरकताना दिसतो.

सातवी पायरी: गटांची कामगिरी

राशीचा ईआरए काढताना खेळाडूंच्या ईआरएंची सरासरी घेऊ नका. गटातल्या सगळ्यांच्या ईआरएत धरल्या जाणाऱ्या धावा एकत्र करा, त्याला २७ ने गुणा आणि एकूण बाद संख्येने भागा.

काळाचा फरक इथे फार मोठा आहे. १९२० पूर्वीच्या दोनेक दशकांत धावा कमी व्हायच्या. १९६८ मध्ये पिचर इतके वरचढ ठरले की पुढच्या हंगामापासून उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. डेन्व्हरचं मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंच आहे, तिथे विरळ हवेत चेंडू लांब जातो. एखाद्या राशीत कमी धावांच्या काळातले पिचर जास्त आले की त्या राशीचा ईआरए आपोआप छान दिसतो. त्यावर उपाय म्हणजे ईआरए प्लस हा आकडा. त्यात हंगाम आणि मैदान यांचा हिशोब धरलेला असतो आणि १०० म्हणजे त्या काळची सरासरी.

गटांना नावं न देता काम करा. दुसऱ्या कुणाला राशींऐवजी क, ख, ग अशी अक्षरं लावायला सांगा आणि निष्कर्ष लिहून झाल्यावरच किल्ली उघडा. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ च्या सुमारास महाराष्ट्रात घेतलेली चाचणी याच शिस्तीची होती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ओळख लपवून ज्योतिषांना दिल्या होत्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या तपासल्या आणि ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं तर ५० टक्के येतात.

आठवी पायरी: फरक दिसलाच तर

मोठी यादी घेतली, विशेषतः १९५० नंतर अमेरिकेत जन्मलेल्या खेळाडूंची, तर खराखुरा फरक दिसण्याची शक्यता आहे, आणि तो चिठ्ठ्यांच्या डब्यातून येणार नाही. ऑगस्टमध्ये जन्मलेले खेळाडू जास्त, जुलैतले कमी. राशीच्या भाषेत सिंह आणि कन्या भरलेल्या, कर्क रोडावलेली.

कारण जमिनीवरच आहे. अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये वयोगट ठरवायची तारीख अनेक दशकं ३१ जुलै होती. १ ऑगस्टला जन्मलेला मुलगा आपल्या गटात सर्वांत मोठा, ३१ जुलैचा सर्वांत लहान. दहाव्या वर्षी अकरा-बारा महिन्यांचा फरक म्हणजे उंची, ताकद, चेंडूचा वेग, सगळ्यातच फरक. मोठ्या मुलाकडे प्रशिक्षकाचं लक्ष जातं, त्याला जास्त सामने मिळतात, आणि ती आघाडी पुढेही काही अंशी टिकते. २००६ पासून ही तारीख बदलली, त्यामुळे आताची मुलं मोठी होतील तसं हे चित्रही सरकायला हवं.

हे कारण खरं की राशीचा प्रभाव खरा, हे वेगळं करायला जपान आहे. तिथे शाळेचं वर्ष २ एप्रिलपासून धरतात, आणि व्यावसायिक बेसबॉलमध्ये एप्रिल ते जूनमध्ये जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त आढळतं. सूर्य दोन्ही देशांवर एकाच वेळी एकाच राशीत असतो. सिंहेत बळ असतं तर ते ओसाकातही दिसायला हवं होतं. एकेकट्या नावांनी मात्र फसू नका: जपानमध्ये ४०० विजय मिळवणारा मासाइची कानेदा १ ऑगस्टचा, म्हणजे सिंहेचाच, आणि यू डार्विश व योशिनोबू यामामोतो हेही सिंहेचे. तुलना पूर्ण यादीची करायची.

म्हणून शेवटचं काम असं. पहिल्या तक्त्यात फक्त अमेरिकेत जन्मलेले पिचर घ्या, दुसऱ्यात जपानच्या लीगमधले जपानी पिचर. दोन्हींत एकच इनिंगचा निकष लावा, एकच रास-पद्धत वापरा. राशींशेजारी महिन्यांचाही रकाना करा, आणि प्रत्येक देशाच्या वयोगटाच्या तारखेपासून तो महिना कितवा, याचाही एक रकाना जोडा. मग तिन्ही रकान्यांचे आलेख दोन्ही देशांसाठी एकाखाली एक काढा आणि कोणत्या रकान्यात दोन्ही देशांचे चढ-उतार जुळतात ते पाहा.